गुण नसलेल्या प्रश्नांची भीती

परदेशात पदवीचे शिक्षण घेण्यासाठी सॅट ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा देणारी मुले आता इंदूरमध्येही दुर्मीळ राहिलेली नाहीत. तयारी सुरू झाली की त्यांच्या घरी एक शंका हमखास निघते: ज्या प्रश्नांना गुणच नाहीत, ते आमच्या मुलाने का सोडवायचे? शंका निराधार नाही. संगणकावर होणाऱ्या आजच्या सॅटमध्ये वाचन-लेखनाचे दोन भाग प्रत्येकी २७ प्रश्नांचे आणि गणिताचे दोन भाग प्रत्येकी २२ प्रश्नांचे असतात. या चारही भागांत प्रत्येकी दोन प्रश्न असे असतात, की त्यांच्या उत्तरांचा निकालाशी काही संबंध नसतो. म्हणजे ९८ पैकी ८ प्रश्न केवळ चाचपणीचे. सॅट घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था हे उघड सांगते. मात्र ते ८ प्रश्न कोणते, हे सांगत नाही. मुलांच्या मनात भीती बसते ती इथे. अडलेला प्रश्न बिनगुणांचा तर नसेल, त्यावर तीन मिनिटे घालवणे मूर्खपणा तर ठरणार नाही, अशा विचारात खरोखरची मिनिटे निघून जातात. परीक्षांचे मापन हा माझा अभ्यासाचा विषय आहे आणि त्याच्या आधारे माझे म्हणणे असे आहे, की ही भीती चुकीच्या जागी खर्च होते आहे. आधी पारखून पाहण्यासाठी दिलेला, गुण नसलेला प्रश्न विद्यार्थ्यावर अन्याय करत नाही. कधीही न पारखलेला प्रश्न थेट गुणांसाठी विचारला जातो तेव्हा अन्याय होतो, आणि आपल्या देशातल्या अनेक प्रवेशपरीक्षा वर्षानुवर्षे तेच करत आल्या आहेत.

प्रश्न पारखायचा म्हणजे काय करायचे, हे आधी पाहू. प्रश्न काढणारा प्राध्यापक कितीही विद्वान असला तरी आपला प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला किती अवघड जाईल, याचा त्याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. त्याला सोपा वाटणारा प्रश्न शब्दरचनेमुळे अवघड होतो. अवघड वाटणारा प्रश्न पर्यायांकडे नुसते पाहून सुटतो. म्हणून नवा प्रश्न काही शे किंवा एक-दोन हजार खऱ्या परीक्षार्थींना द्यायचा आणि दोन गोष्टी मोजायच्या. पहिली काठिण्यपातळी, म्हणजे शंभरातल्या किती जणांना तो सुटला. दुसरी, आणि माझ्या मते अधिक मोलाची, म्हणजे त्या प्रश्नाची भेदनक्षमता. बाकीचा पेपर ज्यांना चांगला गेला त्यांनी हा प्रश्न बरोबर सोडवला का, आणि ज्यांचा पेपर वाईट गेला त्यांना तो अडला का? हुशार मुले दोन पर्यायांत जवळपास निम्मी-निम्मी विभागली गेली, तर प्रश्नात काहीतरी संदिग्ध आहे. कच्च्या मुलांना सुटला आणि पक्क्यांना नाही, तर बहुधा उत्तरतालिकाच चुकली आहे. ही माहिती तज्ज्ञांच्या बंद खोलीतल्या चर्चेतून मिळत नाही. ती उत्तरांतूनच मिळते, आणि उत्तरेही मनापासून दिलेली हवीत. एखाद्या महाविद्यालयात वेगळा वर्ग भरवून शंभर मुलांना नवे प्रश्न सोडवायला दिले तर ती अर्ध्या तासात कंटाळून काहीही खुणा करतील. निकाल लागणार आहे म्हणून मूल जीव ओतते, आणि त्या जीव ओतण्याशिवाय प्रश्नाची पारख होत नाही. बिनगुणांचे प्रश्न खऱ्या परीक्षेत, खूण न करता मिसळण्याचे कारण एवढेच आहे.

आता ते ओळखता येतात का? २००५ ते जानेवारी २०१६ या काळात जुन्या सॅटमध्ये दहा विभाग असत आणि त्यांतला २५ मिनिटांचा एक संपूर्ण विभाग बिनगुणांचा असे. तो ओळखण्याच्या युक्त्या तेव्हा सर्रास फिरत. कायद्याच्या पदवीसाठी असलेल्या एलसॅट परीक्षेत आजही चारांपैकी एक विभाग प्रायोगिक असतो. तिथला हिशेब साधा आहे. एक विभाग बिनगुणांचा समजून सोडून दिला आणि अंदाज बरोबर आला, तर मिळते काय? अर्ध्या तासाची विश्रांती. अंदाज चुकला तर गुणांसाठीच्या तीन विभागांपैकी एक, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश परीक्षा, हातची गेली. डोळे मिटून निवडले तर चुकण्याची शक्यता चारांत तीन. असा जुगार कोणताही शहाणा माणूस खेळणार नाही. आजच्या सॅटमध्ये तर संपूर्ण विभाग नसून २२ किंवा २७ प्रश्नांत मिसळलेले दोनच प्रश्न असतात. शिवाय पहिल्या भागातल्या कामगिरीवरून दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे ठरते. त्यामुळे पहिल्या भागात ‘हा प्रश्न विचित्र वाटतो, म्हणजे बिनगुणांचा असेल’ हा तर्क करणारे मूल एका प्रश्नाबरोबर पुढच्या भागाची पातळीही पणाला लावते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई या परीक्षेने सप्टेंबर २०२३ पासून आपला स्वतंत्र बिनगुणी विभाग काढूनच टाकला आणि परीक्षा दोन तासांच्या आत आणली. लांबलचक वेगळ्या विभागापेक्षा थोडे विखुरलेले प्रश्न बरे, हे यातून मान्य झाले आहे, आणि तो बदल मला योग्य वाटतो.

या सगळ्याशी आपल्या जेईई-नीटवाल्या मुलांचा काय संबंध, असे इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंग वर्गांतून मुलाला आणायला जाणारे पालक विचारतील. आपल्याकडे तर प्रत्येक प्रश्नाला गुण असतात. कागदावर असतात, हे खरे. प्रत्यक्षात आपल्याकडेही बिनगुणांचे प्रश्न आहेत. फरक इतकाच की ते कोणी ठरवलेले नसतात. परीक्षा झाल्यावर ते तसे निघतात. जेईई मेनच्या २०२५ मधल्या पहिल्या सत्राच्या अंतिम उत्तरतालिकेत १२ प्रश्न वगळावे लागले. २७ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीमध्ये एका सत्रातल्या गणिताच्या ५० प्रश्नांपैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या आणि सुमारे २७ हजार मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. २०१७च्या जेईई अॅडव्हान्स्डमध्ये सदोष प्रश्नांपोटी १८ गुण बहाल केले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ७ जुलैला प्रवेशप्रक्रिया थांबली आणि १० जुलैला पुन्हा सुरू झाली. २०२४च्या नीटमध्ये भौतिकशास्त्रातला अणूविषयीचा एक प्रश्न गाजला. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात सर्वच मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात अशा अर्थाचे वाक्य होते. नव्या पुस्तकात ते दुरुस्त होऊन ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे झाले. राष्ट्रीय चाचणी संस्थेने, म्हणजे एनटीएने, आधी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. मग सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी ५ गुण वजा झाले. ७२० पैकी ७२० मिळवलेल्या ४४ जणांचे पूर्ण गुण त्या एका प्रश्नावर टिकून होते. हा प्रश्न आदल्या वर्षी दोन हजार मुलांना बिनगुणांचा म्हणून दिला असता, तर हुशार मुले दोन पर्यायांत फुटलेली आकड्यांत स्वच्छ दिसली असती आणि प्रश्न मे महिन्यातल्या पेपरपर्यंत पोहोचलाच नसता.

सदोष प्रश्न निघाला की सगळ्यांना पूर्ण गुण द्यायचे, हा आपला ठरलेला उपाय. वरवर उदार वाटतो, पण त्यात कोण भरडले जाते ते पाहिले पाहिजे. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम अडीच मिनिटे. उत्तरच नसलेला प्रश्न समोर आला की वरवर तयारी केलेला मुलगा तो सोडून पुढे जातो. ज्याचा विषय पक्का आहे त्याला मात्र आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटते. तो पुन्हा सूत्र मांडतो, पुन्हा आकडेमोड करतो, सहा-सात मिनिटे घालवतो. महिन्याभराने दोघांनाही ४ गुण मिळतात. गुण परत आले. ती सहा मिनिटे आणि त्यांत सुटू शकले असते असे दोन प्रश्न परत येत नाहीत. मागाहून बाद झालेला प्रश्न सर्वांत जास्त दंड करतो तो प्रामाणिक आणि चिकाटीच्या मुलाला. सॅटमधला नियोजित बिनगुणी प्रश्नही वेळ घेतो, हे मान्य. पण त्या प्रश्नाला बहुधा उत्तर असते, त्याचा वेळ परीक्षेच्या एकूण वेळेत आधीच धरलेला असतो, आणि तो सर्वांना सारखाच लागू असतो. त्या परीक्षेचा सांगाडा किती भक्कम बांधलेला असतो हे ६ जून २०१५ रोजी दिसले. छपाईच्या चुकीमुळे विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत २० मिनिटांच्या विभागासाठी २५ मिनिटे लिहिले गेले आणि संबंधित विभाग निकालातून वगळावे लागले. तक्रारी झाल्या, त्या रास्तही होत्या. तरी उरलेल्या पारखलेल्या प्रश्नांवर निकाल लावता आला. आपल्याकडे पेपरचा इतका मोठा भाग बाद झाला, की पुनर्परीक्षेशिवाय काही सुचत नाही, कारण उरलेल्या प्रश्नांचे वजन किती, हे कोणी आधी मोजलेलेच नसते.

पारख न करण्याची दुसरी किंमत अनेक सत्रांत होणाऱ्या परीक्षांत मोजावी लागते. सकाळचा पेपर सोपा, दुपारचा अवघड, म्हणून गुणांचे नॉर्मलायझेशन करतात. जेईई मेनमध्ये त्या-त्या सत्रातल्या मुलांत तुमचे स्थान कितवे, यावरून पर्सेंटाइल काढतात. या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: सकाळचा गट आणि दुपारचा गट गुणवत्तेने सारखेच आहेत. लाखभर मुले खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली असतील, तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. पण प्रवेश ठरतो तो पर्सेंटाइलच्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर, आणि तिथे ‘बऱ्यापैकी’ पुरत नाही. इंदूरकरांना याचा एक जळजळीत दाखला आठवत असेल. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशच्या वनरक्षक आणि कारागृह प्रहरी भरतीपरीक्षेचा निकाल लागला. त्यात पहिल्या आलेल्या उमेदवाराला १०० पैकी १०१.६६ गुण मिळाले होते. सूत्राच्या दृष्टीने यात गणिती चूक नव्हती. सरासरी आणि विचलन यांवर आधारलेले सूत्र शंभराच्या वर जाऊ शकते. पण इंदूरमध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांचा संताप मला पूर्ण रास्त वाटतो. पेपर किती अवघड होता हे प्रश्नांवरून आधी ठाऊक नसले, की ते मुलांच्या गुणांवरून मागाहून अनुमानावे लागते, आणि मग गट हुशार होता की पेपर सोपा होता हे वेगळे काढता येत नाही. हे वेगळे काढण्याचा जगभर रुळलेला उपाय म्हणजे प्रत्येक सत्रात काही समान प्रश्न ठेवणे. सगळ्या गटांनी सोडवलेले तेच प्रश्न गटांची तुलना करून देतात. जुन्या सॅटचा तो बदनाम बिनगुणी विभाग नव्या प्रश्नांच्या चाचपणीबरोबर हेही काम करत असे. एका तारखेचे ६५० आणि दुसऱ्या तारखेचे ६५० सारख्याच मोलाचे, असे म्हणता येत असे ते त्याच्या बळावर.

मराठी वाचकाने तर या प्रश्नाकडे आणखी एका कारणाने पाहायला हवे. नीट आणि जेईई मेन आज मराठीसह १३ भाषांत घेतल्या जातात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अनुवादात संदिग्धता आढळली तर इंग्रजी मजकूर अंतिम, असा नियम माहितीपुस्तिकेत असतो. लातूरचे किंवा नंदुरबारचे मूल मराठीत विचारलेला प्रश्न वाचते. तो प्रश्न इंग्रजीत जितका सोपा आहे तितकाच मराठीत आहे का, हे कोणी तपासले? एखादी पारिभाषिक संज्ञा पाठ्यपुस्तकात एक आणि प्रश्नपत्रिकेत दुसरी आली, किंवा नकारार्थी वाक्य मराठीत उलटेपालटे झाले, की त्या मुलाचे नुकसान होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत अशा दोषाचे गाजलेले उदाहरण म्हणजे सॅटमधला शब्दसंबंधांचा एक जुना प्रश्न. त्याचे उत्तर नौकांच्या शर्यतीला काय म्हणतात हे ठाऊक असण्यावर अवलंबून होते. श्रीमंत घरातल्या मुलांना तो शब्द माहीत, इतरांना नाही. अशी तफावत हुडकण्यासाठी नंतर ठरावीक सांख्यिकी तपासणी आली: एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांतल्या मुलांना हाच एक प्रश्न कमी-जास्त प्रमाणात सुटतो का? ही तपासणी भाषेलाही तशीच्या तशी लावता येते. त्यासाठी प्रश्न मराठीतून, मराठी मुलांकडून आधी सोडवून घेतलेला असायला हवा. पारख नाही, म्हणून हा अन्याय मोजता येत नाही. मोजता येत नाही, म्हणून तो नाहीच असे धरले जाते.

प्रश्न असे आधी पारखण्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप: शुल्क भरून परीक्षा देणाऱ्या मुलाकडून संस्था फुकट काम का करून घेते? माझे उत्तर असे, की त्याने सोडवलेले गुणांचे प्रश्नही कोणीतरी आधी असेच पारखून दिलेले असतात. रक्तपेढीसारखाच हा व्यवहार आहे. मात्र ही देवघेव मर्यादेत राहिली पाहिजे. पंचवीस मिनिटांचा विभाग मला जास्त वाटतो. जेईई मेनसारख्या परीक्षेत प्रत्येकाला दोन जादा प्रश्न आणि त्यासाठी पाच मिनिटे जादा वेळ दिला, तरी १० लाख परीक्षार्थींकडून २० लाख उत्तरे मिळतील. एक हजार नवे प्रश्न पारखायचे म्हटले तर प्रत्येक प्रश्नामागे दोन हजार उत्तरे. इतकी मोठी संख्या आपल्याला काही दिवसांत मिळते आणि आपण ती वाया घालवतो, याचे मला वाईट वाटते. दुसरा आक्षेप मुलांवरच्या ताणाचा. तो खरा आहे, पण ताण वाढतो तो अर्धवट माहितीने. किती प्रश्न, किती वेळ, कशासाठी, हे माहितीपुस्तिकेत साध्या भाषेत छापले आणि शाळेत एकदा समजावले, तर सगळेच प्रश्न मनापासून सोडवायचे हा एकच सोपा नियम मुलाजवळ उरतो.

तिसरा आक्षेप खास आपल्या मातीतला आणि सर्वांत जड. इथे प्रश्नपत्रिका फुटतात. पारखायला दिलेले प्रश्न मुले संध्याकाळपर्यंत कोचिंग वर्गात सांगतील आणि पुढच्या वर्षी ते ‘अपेक्षित प्रश्न’ म्हणून विकले जातील. व्यापमंचा परीक्षा-घोटाळा पाहिलेल्या राज्यात बसून ही शंका मी उडवून लावणार नाही. पण धोका प्रश्नपेढीच्या आकारावर ठरतो. पेढीत दोनशे प्रश्न असतील तर गळती घातक. दहा हजार पारखलेले प्रश्न असतील, तर त्यांतले पाचशे बाहेर गेले तरी सगळे पाठ करणाऱ्याला विषयच शिकावा लागेल. याला जोडूनच पारदर्शकतेचा मुद्दा येतो. उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका पाहण्याचा हक्क आपल्या मुलांनी झगडून मिळवला आहे. तो कमी व्हावा असे मी मुळीच म्हणत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये कायदा करून गुणांसाठी वापरलेले प्रश्न उघड करणे संस्थांना भाग पाडले. गुणांत न धरलेले प्रश्न त्यातून वगळले. ही वाटणी आपल्यालाही चालण्यासारखी आहे. आणि उघडेपणाची गरज संपत नाही, हेही मान्य करायला हवे, कारण पारख सर्वज्ञ नसते. १९८० मध्ये पीसॅट या परीक्षेत दोन पिरॅमिड एकमेकांना चिकटवले तर किती पृष्ठे उरतील, असा प्रश्न आला. उत्तरतालिका म्हणे सात. फ्लोरिडातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाने पाच हे उत्तर दिले आणि ते बरोबर ठरले. सुमारे दोन लाख चाळीस हजार मुलांचे गुण वाढवावे लागले. हुशार मुलेही तीच चूक करत असतील, तर आकडे ती दाखवत नाहीत. त्यामुळे पारख आणि उघड उत्तरतालिका दोन्ही हव्यात.

हे विचार आपल्या देशाला परके नाहीत. बेंजामिन ब्लूम १९५७ मध्ये भारतात आले, परीक्षा-सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या, १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा कक्ष स्थापन झाला. १९८३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने कानपूर विद्यापीठाविरुद्ध निर्णय दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात प्रश्नांची आधी नीट तपासणी व्हावी आणि संशयास्पद प्रश्न वगळून त्याला गुण देऊ नयेत, असे सुचवले होते. त्याला चार दशके झाली. त्यातले वगळणे आपण उचलले आणि आधीची तपासणी सोडून दिली. त्यामुळे जे काम प्रश्नपेढीत व्हायचे ते दरवर्षी जून-जुलैत न्यायालयांत होते आणि मुले प्रवेशाच्या याद्यांऐवजी सुनावणीच्या तारखा पाहत बसतात. २०२४च्या नीटमधल्या गोंधळानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने परीक्षापद्धतीच्या सुधारणेचा अहवाल दिला; पेपरफुटी आणि परीक्षाकेंद्रे यांवर बोलणे पुष्कळ झाले. प्रश्न पारखण्याविषयी पालकांच्या बाजूने मागणी क्वचितच ऐकू येते, कारण पालकांना या कामाची माहितीच नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल सॅट देणार असेल तर त्याला बिनगुणांचे प्रश्न शोधायला लावू नका. सगळे प्रश्न गुणांचेच समजून सोडवू द्या. आणि मूल जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटी देणार असेल, तर एनटीएला आणि महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: यंदाच्या पेपरातले किती प्रश्न आधी खऱ्या परीक्षार्थींवर पारखले होते, मराठी अनुवादाची वेगळी तपासणी झाली का, आणि वेगवेगळ्या सत्रांत समान प्रश्न होते का. पत्राला उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.